माझ्या बाजूचा ब्रेक

३ सप्टेंबर

नर्सने सांगितलं, एक वही करा. रोजचा ताप, वजन, काय खाल्लं, काय उलटून पडलं, सगळं लिहा; डॉक्टरांना उपयोग होतो. घरात कोरी वही नव्हती. क्लासची हजेरीची जाड वही होती, तीच घेतली. तिच्यात रकाने छापलेले आहेत: शिकणाऱ्याचे नाव, वेळ, शेरा. नावाचा रकाना मोकळा सोडला.

गाठ सापडली ती रिव्हर्स शिकवताना. मागे बघायला मान वळवली की गळ्याच्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं. दोन महिने मी त्याला कॉलरचं बटण समजत होते. आता त्याचं नाव लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. सहा वेळा औषध, दर एकवीस दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, "हा बरा होणारा आजार आहे," आणि एक श्वास घेऊन पुढे म्हणाले, "बहुतेक वेळा."

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. ब्रेक दाबला की गाडी बहुतेक वेळा थांबते, असं सांगितलं असतं तर एक माणूस क्लासला आला नसता.

नवरा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "पार्किंगची पावती कुठे ठेवलीस?" चोवीस वर्षांचा संसार, आणि पहिला प्रश्न पावतीचा.

६ सप्टेंबर

नणंद आली. नवऱ्याची मोठी बहीण. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली, यजमान जाऊन सहा वर्षं झाली, एकटी असते. एक बॅग घेऊन आली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. "तू आता इथे यायचं नाही," म्हणाली. माझ्याच ओट्यापासून मला हाकललं.

ताई देवभोळी नाही, पण देवाची आहे. रोज सकाळी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत डोळे मिटून वीस मिनिटं बसते. त्या वेळात भांडं पडलं तरी हलत नाही. मला हे कधी जमलं नाही. डोळे मिटून काही होतं यावर माझा विश्वास नाही. माझा सगळा धंदा डोळे उघडे ठेवायला सांगण्याचा.

तरी आज ती बसलेली पाहिली आणि मनात आलं, चला, ही खटपट कोणीतरी करतंय. आपण करायला नको.

११ सप्टेंबर

पहिलं औषध. जाताना गाडी मीच चालवली, नवरा शेजारी. नर्सला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही येताना चालवत आलात ते ठीक, पण जाताना चाव्या माझ्याकडे."

त्या खोलीत बारा खुर्च्या आहेत, मागे रेलता येणाऱ्या. प्रत्येकीजवळ एक खांब, खांबाला बाटली. लाल औषध मात्र नर्स स्वतः समोर बसून हळूहळू सुईने सोडते. त्याचा रंग सिग्नलचा. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "मग थांबा ना जरा, एवढ्या घाईत कुठे निघालात?"

शेजारच्या खुर्चीत एक काका. आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केली. त्यांची बाटली संपली, सुई निघाली, तसे ते छताकडे बघून मोठ्याने म्हणाले, "झालं. आभारी आहे." मला वाटलं नर्सला म्हणाले. पण ती तेव्हा दुसऱ्या टोकाला होती.

परत येताना टॅक्सी. आमची गाडी नंतर क्लासच्या मदतनीस बाईंनी आणली. नवऱ्याला गाडी येत नाही. लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी त्याला मैदानावर शिकवायला नेलं होतं. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी म्हटलं, "अरे, पाय आहे की खांब?" तो उतरला, दार हळूच लावलं आणि चालत घरी गेला. तेव्हापासून हा विषय आमच्या घरात निघत नाही.

१२ सप्टेंबर

उलट्या चार. ताप नाही. जेवणाचं नाव नको.

१९ सप्टेंबर

क्लासचं काय करायचं? अकरा जण अर्धवट शिकलेले. मदतनीस बाई फक्त फोन आणि कागद बघतात, शिकवत नाहीत. समोरच्या क्लासवाल्याकडे पाठवा, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, त्यापेक्षा ते सायकल चालवतील. त्या माणसाने सहा वर्षांपूर्वी आपली पाटी माझ्या पाटीसमोर अशी लावली की रस्त्यावरून माझं नावच दिसेना. आम्ही दोघं भर रस्त्यात भांडलो होतो. तेव्हापासून आरशात दिसला तरी मी आरसा फिरवते.

नवऱ्याने नवीनच काढलंय. सकाळी साडेसहाला फिरायला जातो. जन्मात कधी सूर्योदय न पाहिलेला माणूस! "डॉक्टरांनी सांगितलंय का?" विचारलं, तर म्हणाला, "मलाही तब्येत सांभाळायला हवी ना आता." बरोबर आहे म्हणा.

२७ सप्टेंबर

केस उशीवर, केस टॉवेलवर, केस आमटीत. शेवटी ताईला म्हटलं, कात्री आणा. तिने मला अंगणात स्टुलावर बसवलं आणि सगळे काढले. झाल्यावर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. तिच्या मनात काहीतरी म्हणणं चालू असेल म्हणून मीही हलले नाही.

नवरा आला, माझ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "डोक्याचा आकार चांगला आहे तुझा." तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आकाराचं त्याला कळतं.

२ ऑक्टोबर

दुसरं औषध. लिफ्टवाले काका पुन्हा शेजारी. सुई निघाली, पुन्हा छताकडे, "आभारी आहे." या वेळी मी विचारलंच.

"काका, कोणाला म्हणता?"

"तीस वर्षांची सवय आहे बाई. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचो, काम करायचो, वर आलो की म्हणायचो."

"आणि उतरताना? वाचव म्हणून?"

"छे! उतरताना काय मागायचं? ब्रेक मीच तपासलेला असायचा."

"मग देवाचं काम काय?"

काका हसले. त्यांना हसताना खोकला येतो. "वर आल्यावर कोणाला तरी सांगायला हवं ना!"

मला ते फारसं पटलं नाही. पण उत्तर टाळलं नाही, हे आवडलं.

९ ऑक्टोबर

नवऱ्याचा डावा गुडघा दुखतोय. रात्री तेल लावत होता. फिरून उजवा का दुखत नाही, विचारलं तर चिडला. शिवाय परवा कपाटात त्याचे चार नवे फोटो सापडले, पाकिटात, केस नीट विंचरलेले, तोच निळा शर्ट जो मी वाढदिवसाला घेतला होता आणि त्याने घडीही मोडली नव्हती. फोटो कशाला लागतात माणसाला? नवे कागद करायला. कसले कागद?

ताईला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही बाई माहीत," आणि भाजी हलवायला लागली. भाजी खाली लागलेली नव्हती.

डोक्यात नको ते येतं. मी गेल्यावरची तयारी करत असेल. करावीच लागेल कोणाला तरी. पण निळा शर्ट घालून?

१६ ऑक्टोबर

मदतनीस बाईंनी सांगितलं, अकराच्या अकरा जणांची शिकवणी चालू आहे. मी विचारलं, कुठे? तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आता रागावू नका." समोरचा क्लासवाला स्वतः चालत आला होता म्हणे. म्हणाला, तुमची मुलं तुमच्याच नावाने शिकतील, परीक्षेला तुमच्याच क्लासच्या पाटीची गाडी नेऊ, बाईंना विश्रांती घेऊ दे.

शत्रू तरी धड असावा माणसाला.

२३ ऑक्टोबर

तिसरं औषध. अर्धं झालं. बोटांच्या टोकांना मुंग्या. नर्स म्हणाली, एका औषधाने होतं, हळूहळू जातं. "नेहमी जातं?" "बहुतेकांचं." इथे सगळे एकाच शाळेत शिकलेले.

जेवताना नवरा मीठ घ्यायला उजवीकडे वळला आणि आधी मान वळवून मागे बघितलं. मी म्हटलं, "काय झालं?" "कुठे काय?" म्हणाला. फार थकलाय बिचारा.

३१ ऑक्टोबर

ताप १०२.

५ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय तरी लिहिते.

सहा दिवस वेगळ्या खोलीत होते, अजून आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि कुठलातरी जंतू शिरला. आत येणारा प्रत्येक जण तोंड बांधलेला, त्यामुळे कोण घाबरलंय कळायचं नाही. डोळ्यांवरून कळायचं. नवरा काचेच्या पलीकडे उभा राहायचा. डॉक्टर त्याच्याशी बोलताना मी त्याचे हात बघत होते. तो अंगठ्याने तर्जनी घासत होता, दुकानात काच तपासतो तशी, सारखी.

तिसऱ्या दिवशी मला खरंच वाटलं की संपलं. भीती नव्हती, हे सांगितलं तर कोणाला पटणार नाही. नुसता थकवा. आणि एक रागही, की अकराजणांपैकी रिव्हर्स अर्धवट राहिलेली एक बँकेतली मुलगी आता त्या समोरच्याच्या पद्धतीने शिकणार.

आज पहाटे जाग आली तर चादर घामाने भिजलेली, आणि अंग गार. खरोखर गार, माणसाचं असतं तसं. झाडणाऱ्या बाईंनी पडदा सरकवला होता आणि त्या निघून गेल्या होत्या. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत, तिच्यावर पाण्याचे पाइप, पाइपावर ऊन. बाकी काही नाही. मी ते ऊन बघत पडले होते आणि माझ्या तोंडून निघालं, "आभारी आहे."

खोलीत कोणी नव्हतं.

मी काकांची नक्कल केली असेल, असं स्वतःला समजावलं. पण नक्कल करणाऱ्याला नंतर डोळे पुसावे लागत नाहीत. नंतर दिवसभर हिशेब लावत बसले की हे कोणाला होतं. औषधाचे आभार डॉक्टरांना. सुईचे नर्सला. पडद्याचे त्या बाईंना. सगळ्यांचे ज्याचे त्याला वाटून झाले आणि तरी बरंच उरलं. ते कोणाचं, हे मला माहीत नाही. पण ते उरलंय, हे नक्की. आणि मी ते बोलले तेव्हा ऐकणारं कोणी नाही असं मला वाटलं नाही.

हे मी कोणाला सांगणार नाही. विशेषतः ताईला नाही. ती म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हते?

८ नोव्हेंबर

घरी आले. कशी आले ते लिहायलाच हवं.

दारात आमची गाडी. ड्रायव्हरच्या जागेवर निळा शर्ट.

मी चाकाच्या खुर्चीतून बघत राहिले. म्हटलं, "हे काय?"

"बस," म्हणाला. डोळे समोर, दोन्ही हात स्टीअरिंगवर, जसे पुस्तकातल्या चित्रात असतात.

"परवाना?"

खिशातून काढून दाखवला. नवा, त्यावर तोच फोटो.

"कोणी शिकवलं?"

"समोरच्यांनी. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात. ते म्हणाले, बाईंना सांगू नका, येऊन माझ्या चुका काढतील."

मी शेजारी बसले. म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी. क्लासची गाडी, त्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे. तो निघाला. खरं सांगायचं तर ठीक चालवतो. वळणावर जरा लवकर फिरवतो आणि तिसऱ्या गिअरला उगीच घाबरतो. मी पहिल्या चौकात ब्रेक दाबला. दुसऱ्या चौकातही. तिसऱ्याला तो शांतपणे म्हणाला, "तू दाबलास की मला कळत नाही, मी थांबवली की तू."

मी पाय मागे घेतले, सीटखाली. घरापर्यंत तसेच ठेवले. बावीस वर्षांत प्रथमच मी त्या जागी बसून खिडकीबाहेर बघितलं. आमच्या रस्त्यावर एक घड्याळांचं दुकान आहे, मला माहीतच नव्हतं.

घरी उतरताना म्हटलं, "पाय आहे, खांब नाही." तो इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. हसणं थांबल्यावरही पुसतच होता.

१० नोव्हेंबर

समोरच्याला फोन केला. दोन वेळा आकडे फिरवून ठेवून दिला, तिसऱ्यांदा बोलले. "आभारी आहे" म्हटलं. तो म्हणाला, "अहो, त्यात काय! तुमचे मिस्टर फार सभ्य. बंद पडली की गाडीची माफी मागतात." मग म्हणाला, "पाटी मी सरकवून घेतलीये. तेव्हाच घ्यायला हवी होती."

२० नोव्हेंबर

चौथं औषध, आठवडा उशिरा. मुंग्या आता पायांतही. डॉक्टरांनी त्या औषधाचं प्रमाण कमी केलंय. तळवे कापसावर ठेवल्यासारखे. चालता येतं. पण पायाखाली काय आहे ते कळत नाही. घरी आल्यावर, गाडी बंदच होती, मी क्लचवर पाय ठेवून बघितला. पाय आहे की नाही, ते बघून ठरवावं लागलं.

पाय न कळणारी बाई कोणाला काय शिकवणार?

सकाळी आभार मानायची सवय लागलीय. आज मानले, पण दात ओठ खाऊन.

२८ नोव्हेंबर

ताईजवळ बसावंसं वाटलं. सकाळी तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. ती एकदम उठलीच. "आज नको, मला दूध बघायचंय." काल तर कपडे वाळत घालायचे होते. मला वाटतं तिला हे एकटीनेच करायला आवडतं. इतक्या वर्षांचं आहे, आपण मध्ये घुसू नये. मी बरी व्हावी म्हणून ती रोज एवढं बसते, हेच खूप आहे. औषधांइतकाच मला तिचा आधार वाटतो, हे तिला एकदा सांगायला हवं.

११ डिसेंबर

पाचवं. नवऱ्याने गाडी हॉस्पिटलच्या चढावर थांबवून पुन्हा काढली, एक इंचही मागे गेली नाही. मी टाळ्या वाजवल्या. मागचा हॉर्न वाजवत होता.

लिफ्टवाले काका बारीक झालेत. त्यांनीच सांगितलं, त्यांचं औषध बदललं. पहिलं लागू पडलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. सुई निघाली आणि ते छताकडे बघून म्हणाले, "झालं. आभारी आहे."

मला राग आला. "आता कशाचे हो?"

"आजचे." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घाबरतो मी, बाई. तुम्हाला काय वाटलं? घरी गेल्यावर बायकोचा हात सोडत नाही. पण आजचं झालं ते झालंच की."

मी त्यांचा हात धरला. सलाइनची नळी मध्ये येत होती.

१४ डिसेंबर

ताईला आज सांगितलं. नवरा दुकानात गेला होता. ती ओट्याशी, मी दारात.

म्हटलं, "ताई, तुम्ही माझ्यासाठी रोज बसता ना, त्याच्या भरवशावर मी इथवर आले. मला देव नव्हता तेव्हासुद्धा वाटायचं, ताईंचं चालू आहे, तेवढं पुरे."

ती वळली नाही. नळ चालू, पाणी वाहतंय, हातात पातेलं तसंच. मग नळ बंद केला आणि म्हणाली, "मी नुसती बसते गं."

"म्हणजे?"

"सप्टेंबरपासून एक शब्द निघालेला नाही माझ्या तोंडून. डोळे मिटते, घड्याळाची टिकटिक ऐकते, वीस मिनिटं झाली की उठते. हे आजारी होते तेव्हा मी मागितलं होतं. रात्रंदिवस मागितलं. तेव्हापासून भीतीच बसलीय. मी ज्याच्यासाठी मागते, ते जातं. तुझ्यासाठी मागायची हिंमतच होईना." ती पदराने तोंड पुसत होती, डोळे नाही, तोंड. "आणि न बसावं तर तुम्हाला कळलं असतं. तुझ्या नवऱ्याने तर हातपायच गाळले असते."

मी स्टुलावर बसले. एवढे महिने मी ज्या खांबाला टेकून उभी होते तो आतून पोकळ. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला हसू आलं. मग ती रडता रडता हसायला लागली. "हसतेस काय? इथे मी पापात चाललेय."

"ताई, मी वाचले ना त्या तापातून? तुम्ही मागितलं नाही तरी."

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं.

"मग आता मागूच नका," म्हटलं. "मागायचं मलाही येत नाही. आज काय झालं तेवढं सांगायचं. एक लिफ्टवाले आहेत, त्यांची पद्धत."

दोघी बाहेर येऊन बसलो. ती खुर्चीत, मी स्टुलावर. डोळे मिटायला मला अजून जमत नाही, मी उघडेच ठेवले. मी म्हटलं, "आज उलटी झाली नाही. आभारी आहे." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं जमणार नाही तिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आज... दूध उतू गेलं नाही." आणि ओक्साबोक्शी रडली.

तिला धरून बसले. ती सत्तरीची, मी एकोणपन्नासची, माझ्या डोक्यावर केस नाही. कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं, कोण जाणे.

२ जानेवारी

सहावं. शेवटचं. नर्सने सुई काढली आणि म्हणाली, "आता इकडे तोंड दाखवू नका." मी छताकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हटलं. पलीकडच्या खुर्चीतली नवी बाई दचकली. नर्सला म्हणत होती, "या कोणाशी बोलतात?" नर्सने तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

काका नव्हते. त्यांचा वार बदललाय, असं कळलं. त्यांच्यासाठीही म्हटलं. मागितलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? त्यांच्यासाठी मागितलं.

१४ फेब्रुवारी

काल स्कॅन झाला. मोठ्या नळकांड्यात हात वर करून पडायचं, श्वास धरा, श्वास सोडा. परवा निकाल.

नवरा आज दुकानात तीन काचा फोडून आला. ताई आणि मी सकाळी बसलो. हल्ली तीच आधी सुरू करते.

आत काय चाललंय ते खरं लिहिते. मला जगायचंय. खूप. निकाल वाईट आला तर मी शहाण्यासारखी वागणार नाही, आरडाओरडा करीन. पण सप्टेंबरमध्ये मी एकटी होते आणि आता नाही. देव कसा आहे, कुठे आहे, मला कोणी विचारलं तर मी नापास होईन. तरी सकाळी बोलायला लागले की ऐकणारं आहे, हे मला कळतं. शेजारी कोणी बसलंय हे न वळता कळतं तसं. हे निकालावर अवलंबून नाही, असं आज तरी वाटतंय. परवाचं परवा.

१६ फेब्रुवारी

स्वच्छ.

डॉक्टरांनी तोच शब्द वापरला. दर तीन महिन्यांनी तपासणी, पाच वर्षं. पायांचं विचारलं. "वेळ लागेल. पूर्ण येईलच असं सांगू शकत नाही." या वेळी 'बहुतेक' म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं.

नवरा डॉक्टरांसमोर उठून उभा राहिला, आणि पुन्हा बसला. मग पार्किंगमध्ये त्याला गाडीच सापडेना. दोन मजले फिरलो. शेवटी गाडीजवळ पोचलो तर तो बॉनेटवर डोकं टेकून रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. "तूच चालव," म्हणाला. "मला पाय कुठे आहेत," म्हटलं. दोघं गाडीत तशीच बसून राहिलो, डोकं ठिकाणावर येईपर्यंत. ताईला फोन केला तर पलीकडे आधी भांडं पडल्याचा आवाज. मग एकदम, "ऐकलं. ऐकलं गं," आणि फोन ठेवला. मला म्हणाली की आणखी कोणाला, माहीत नाही.

१ मार्च

क्लास सुरू केला. रस्त्यावर नाही, खोलीत. खुणा, नियम, फळ्यावर चौक काढून. रस्त्यावरचं समोरचे बघतात. हे तात्पुरतं की कायमचं, माहीत नाही. अकराजणांपैकी नऊ पास झालेत. बँकेतली मुलगी पेढ्यांऐवजी मला एक टोपी घेऊन आली. लाल. घातली.

१९ मार्च

सकाळी साडेसहा. न्हाणीघरातून बाहेर पाय ठेवला आणि थांबले. डाव्या अंगठ्याला काहीतरी लागलं. पाय उचलून बघितला, काही नव्हतं. पुन्हा ठेवला. पुन्हा लागलं. फरशी थंड होती.

उजव्याला काही नाही. डाव्यालाही फक्त अंगठ्याला, तेसुद्धा कडेला. मी तिथेच उभी राहिले. आभारी आहे म्हटलं, मग परत म्हटलं.

नवऱ्याला हाक मारली. तो तोंडात ब्रश घेऊन धावत आला, चेहरा पांढरा. म्हटलं, "फरशी थंड आहे."

"मग चपला घाल ना," म्हणाला, आणि आणायलाही निघाला.

"नको," म्हटलं. "राहू दे."